आभाळाची विचारपूस

आमचे हे रंगारी. घरातल्या खोल्या रंगवणारे नव्हेत, इमारतींच्या बाहेरच्या भिंती रंगवणारे. बांबूंची परांची बांधायची, तिच्यावर चढायचं आणि वरच्या मजल्यापासून रंगाचा हात मारत मारत खाली यायचं. ह्या कामात भीती दोनच गोष्टींची, पाय घसरण्याची आणि पावसाची. पायाची काळजी घरी बसून मी करायचे, पावसाची हे करायचे. ओला रंग पावसात सापडला की ओघळत खाली येतो आणि खालच्या दुकानदाराची पाटीही फुकटात रंगवून टाकतो. म्हणून डब्याचं झाकण उघडण्याआधी हे आभाळ बघणार. नुसतं आभाळ नाही. मुंग्या बघणार, पाकोळ्या बघणार, बेकरीच्या धुराड्यातला धूर सरळ वर जातोय की छपरावर बसतोय तेही बघणार. मुंग्या तोंडात अंडी धरून भिंत चढायला लागल्या की पाऊस. चिमण्या धुळीत लोळल्या की पाऊस. पाकोळ्या खाली उतरून उडायला लागल्या की पाऊस. भिंतीवरच्या कोळ्यानं सकाळीच नवं जाळं विणायला घेतलं असेल तर मात्र खुशाल डबा उघडा, दिवस कोरडा जाणार. हे त्यांना त्यांच्या उस्तादानं शिकवलं होतं आणि उस्तादाला त्याच्या बापानं.

हाताखालची माणसं त्यांना ढगोबा म्हणायची. "ढगोबानं ऊन सांगितलंय, छत्री घे रे," अशी थट्टा चालायची. पण थट्टा करणारासुद्धा वर चढण्याआधी एकदा विचारून जायचा. मी शिवणकाम करते, पडदे आणि उशांचे अभ्रे. माझं मशीन गॅलरीच्या दाराशीच. खरं सांगते, ह्यांच्या अंदाजावर मी कधी कपडे वाळत घातले नाहीत. अंदाज बरोबर आला की हे छाती काढून फिरायचे आणि मी म्हणायचे, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. चुकला की हे शांतपणे म्हणायचे, "मुंग्यांचीच काहीतरी गफलत झाली."

मग ह्यांची नजर गेली. काचबिंदू झाला. अंधार कडेकडेनं आत सरकत आला. डॉक्टरबाईंनी हातचं काही राखलं नाही, त्यांच्यामुळे आणखी बराच काळ दिसत राहिलं, ते उपकार मी विसरणार नाही. पण शेवटी उजेड आणि अंधार एवढाच फरक उरला. खिडकी कुठे आहे ते कळायचं, खिडकीत काय आहे ते कळायचं नाही.

हे पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडायला लागले. दाढी वाढली. कुणी आलं तर झोपेचं सोंग घ्यायचे. आमची लेक तेव्हा चपलांच्या दुकानात कामाला होती. तिनं एक दिवस ती नोकरी सोडली आणि ह्यांची माणसं, दोर, फळ्या, डबे सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं. मी म्हटलं, "अगं, तुला जमणार आहे का?" तर म्हणाली, "लहानपणापासून बाबांच्या मागे मागे भिंती बघत फिरले आहे. रंग कळतो मला. बाकीचं शिकेन." आणि माणसं थांबली. त्यांना कुठेही काम मिळालं असतं, पण एकही जण सोडून गेला नाही. आजही त्यांच्यातला कुणी दारात आला की माझा हात आधी चहाच्या भांड्याकडे जातो.

एकदा सकाळी लेक बूट घालता घालता ह्यांच्या पलंगाच्या कडेला बसली.

"बाबा, आज शाळेची मागची भिंत खरवडायची आहे. खरवडून ठेवली आणि पाऊस आला तर भिंत पाणी पिईल. काय करू?"

"मला काय विचारतेस? मला दिसतंय का काही?"

"मला दिसतंय ना. काय दिसतंय ते मी सांगते, काय होणार ते तुम्ही सांगा."

मला वाटलं, आता पांघरूण डोक्यावर ओढतील. पण भिंतीकडे तोंड ठेवूनच त्यांनी विचारलं, "पाकोळ्या कुठे आहेत?"

लेक गॅलरीत गेली. "पक्षी उडतायत खूप."

"कसले पक्षी?"

"काळे."

"कावळेही काळेच असतात."

"मग कावळे असतील."

"शेपूट कशी आहे?"

"बाबा, ते जरा थांबतील तर सांगेन ना!"

"थांबत नाहीत? मग पाकोळ्याच. वर आहेत की खाली?"

"कशाच्या वर?"

"अगं, पाण्याच्या टाकीच्या! टाकीच्या वर की खाली?"

"काही वर, काही खाली. एकमत दिसत नाही त्यांचं."

आणि हे हसले. किती दिवसांनी हसले ते मी मोजलं नाही, पण माझ्या हातातली शिवण तशीच राहिली. हसता हसता उठले, भिंतीला हात लावत गॅलरीत आले आणि म्हणाले, "आता नळाच्या पाइपाजवळ वाक. मुंग्या कुठे निघाल्यात ते बघ. हातात काही सामान आहे का त्यांच्या?"

बरीच चौकशी झाली. शेवटी निकाल लागला. दुपारपर्यंत खरवडा, दुपारनंतर भिंत झाका. त्या दिवशी पावसाचा थेंबही पडला नाही. संध्याकाळी लेक घरात आली ती हेच म्हणत, "मुंग्यांचीच काहीतरी गफलत झाली, बाबा."

तेव्हापासून रोज सकाळी हा कार्यक्रम ठरलेला. हळूहळू लेकीला पाकोळी आणि कावळा ह्यांतला फरक कळायला लागला, आणि ह्यांना वेगळंच काही कळायला लागलं. पलीकडच्या यार्डातल्या मालगाडीचा भोंगा कोरड्या दिवसांत लांब कुठेतरी घुमल्यासारखा यायचा आणि पाऊस जवळ आला की दाराशी उभं राहून वाजवल्यासारखा. गटाराचा वास आधी चढायचा. गॅलरीचं दार फुगून अडकायचं. चिमटीतलं मीठ सुटं पडतंय की चिकटतंय, तेही हे बघायचे. "हे उस्तादानंही शिकवलं नव्हतं," म्हणायचे, "माझं मीच काढलं."

लेक उठण्याआधी हे दाढी करून, धुतलेला सदरा घालून गॅलरीत बसलेले असायचे. तळमजल्यावरची इस्त्रीवालीही विचारायला लागली. खालून हाक मारायची, "काका, चादरी बाहेर घालू का आत?"

"दोन तास घाल! पुढचं मला विचारू नकोस!"

"दोन तासांनी परत विचारते!"

"मी कुठे जातोय? इथेच आहे उंटावरून शेळ्या हाकत!"

एक गोष्ट मात्र मला माहीत होती आणि ह्यांना माहीत नव्हती. लेक आदल्या संध्याकाळी मोबाईलवर हवामान बघायची आणि त्यावरूनच कामं वाटायची. सकाळची चौकशी व्हायच्या आधीच सगळं ठरलेलं असायचं. मी बोलले नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. माणूस उठून दाढी करतोय, एवढं मला पुरेसं होतं.

मूठ उघडली ती लंबूनं. लंबू म्हणजे ह्यांच्या जुन्या माणसांतला सगळ्यात उंच. लोक म्हणायचे, ह्याला पहिल्या मजल्यापर्यंत शिडी लागत नाही. आमच्या बोळात ठेवलेले दोर न्यायला तो आला होता. चहा घेता घेता ह्यांना बरं वाटावं म्हणून म्हणाला, "ढगोबा, ताईचं काम एकदम पक्कं बघा. संध्याकाळीच मोबाईलवर पाऊसपाणी बघून कोण कुठे चढणार ते सांगून मोकळी. तुमच्यासारखं सकाळी मुंग्या शोधत बसावं लागत नाही आता."

ह्यांनी कप खाली ठेवला. "बरं आहे की," म्हणाले. लंबू दोर घेऊन गेला, त्याला बिचाऱ्याला काही कळलंच नाही.

थोड्या वेळानं हे म्हणाले, "तुला माहीत होतं?"

खोटं बोलवेना. "होतं."

"म्हणजे दोघी मिळून माझी समजूत घालत होता. लहान मुलाच्या हातात सुटं चाक द्यायचं आणि म्हणायचं, चालव बाबा गाडी."

मी बोलायला तोंड उघडलं, पण ते उठून पलंगाकडे गेले. तोंड पुन्हा भिंतीकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक नेहमीसारखी कडेला बसली. "बाबा, पाकोळ्या टाकीच्या बऱ्याच वर आहेत आज."

"मोबाईलला विचार."

तिनं माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. ती उठली आणि चहा न घेताच गेली. जिन्यावर तिचे बूट वाजत गेले ते मला शेवटच्या पायरीपर्यंत ऐकू आले.

दिवस लख्ख उजाडला होता. ढगाचा ठिपकाही नाही. दुपारी मी पडद्यांना झालर लावत बसले होते. हे झोपलेत असं मला वाटत होतं. एकदम उठून बसले.

"वारा पडला."

"पडला असेल."

"मशीन थांबव." मी थांबवलं. "पक्षी ऐकू येतात?"

मी कान दिले. खरंच, एकही नाही. तेवढ्यात मालगाडीचा भोंगा वाजला, तो अगदी आमच्या स्वयंपाकघरात वाजल्यासारखा. हे उठले, माझ्या स्टुलावर गुडघा आपटला, तरी थांबले नाहीत.

"आज कुठे चढलेत सगळे?"

"दवाखान्याच्या इमारतीला. चौथ्या मजल्यावर."

"फोन लाव तिला."

लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. "परत लाव," म्हणाले. परत लावला. आणि मग ते आलं. आधी धूळ, मग थंडगार झोत, मग सगळीकडे दारं आपटायला लागली. खालून इस्त्रीवाली चादरींच्या मागे धावत ओरडत होती. कुणाचा तरी पत्रा उडून रस्त्यावर घासत गेला. त्याच्या मागोमाग पाऊस, आडवा, सुयांसारखा. हे गॅलरीचे गज धरून उभे. मी ओढायला गेले तर हलेनात. नखशिखांत भिजले होते आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, "आज मी तिला काही सांगितलं नाही. आज मी तिला काहीच सांगितलं नाही."

मी फोन लावत राहिले. त्या वेळात मी कुठल्या कुठल्या देवाला काय काय कबूल केलं, ते सांगत नाही.

पाऊस जसा आला तसा ओसरला. आणि जिन्यावर बूट वाजले. एकटे नाहीत, पुष्कळ. दार उघडलं तर लेक उभी, केसांतून पाणी गळतंय, कोपरापर्यंत पिवळा रंग. तिच्या मागे लंबू, त्याच्या मागे सगळी माणसं, जिनाभर. माझा जीव भांड्यात पडला. ह्यांनी हात पुढे केले आणि तिला चाचपायला लागले. डोकं, खांदे, मनगटं, एकेक बोट.

"सगळे आहेत?"

"सगळे आहेत, बाबा. कुणाला खरचटलंही नाही."

मी टॉवेल वाटले, पुरेनात तेव्हा नव्या पडद्यांचं कापडही दिलं. लेक ह्यांच्या पायाशी जमिनीवर बसली आणि सांगायला लागली.

"चौथ्या मजल्यावर दुसरा हात चालू होता. पाकोळ्या सकाळपासून आमच्या डोक्यावर फिरत होत्या. मधेच बघितलं तर माझ्या कमरेच्या खाली. परत बघितलं तर रस्त्याला लागून. आणि कबुतरं सगळी छज्ज्याखाली येऊन चिकटून बसली, हाकललं तरी उडेनात. मी म्हटलं, उतरा."

"आम्ही ऐकत नव्हतो," लंबू म्हणाला. "लख्ख ऊन होतं, ढगोबा. मी म्हटलं, ताई, अर्धी भिंत राहिली आहे, डाग दिसेल. ही म्हणाली, दिसू दे."

"याआधी दोनदा मी असंच सगळ्यांना उतरवलं होतं," लेक म्हणाली. "दोन्ही वेळा काही झालं नाही. नुसता हशा. आजही हसतच उतरले. खाली रस्त्यावर उभ्या लोकांनाही पोर्चमध्ये घेतलं आणि मग आलं ते. परांचीचा वरचा टप्पा दोरासकट उपसून निघाला. फळ्या अंगणात पडल्या. फोन कुठे पडला तेही कळलं नाही."

लंबू पोरासारखं नाक पुसत म्हणाला, "त्यातल्या एका फळीवर मी होतो."

मग ह्यांनी विचारलं, "मोबाईल काय म्हणत होता?"

"ऊन."

मला वाटलं, आता छाती फुगवतील. नाही फुगवली. हळू आवाजात म्हणाले, "पण मी तर आज काही सांगितलं नव्हतं."

"रोज सांगत होतात ना, बाबा."

"तू माझी समजूत घालायला विचारत होतीस."

"पहिल्या दिवशी, हो. तुम्ही उठावं म्हणून विचारलं. ते खरं आहे. पण एक गोष्ट तुम्हालाही माहीत नाही आणि आईलाही नाही. मला उंचीची भीती वाटते."

मी चमकलेच. ही पोरगी रोज चौथ्या मजल्यावर!

"पहिल्यांदा परांचीवर चढले तेव्हा खाली बघितलं आणि बांबूला मिठी मारून उभी राहिले, रंग काय कप्पाळ लावणार? वाटलं, आता ह्या सगळ्यांना सांगावं की जमत नाही. मग तुम्ही विचारायला लागलात, पाकोळ्या कुठे आहेत, धूर कुठे चाललाय, ढगाची कड कशी आहे. सकाळी तुम्हाला सांगायचं म्हणून मी दिवसभर वर बघायला लागले. वर बघायची सवय लागली आणि खाली बघायचं राहूनच गेलं. मोबाईल बघते मी, रोज बघते, पुढेही बघणार. पण तुमच्याशी बोलल्याशिवाय मला पहिल्या फळीवर पाय ठेवता येत नाही. आज सकाळी तुम्ही बोलला नाहीत, तर किती वेळ खालीच उभी होते, विचारा लंबूला."

लंबूनं मान हलवली. मग ह्यांना दिसत नाही हे आठवून म्हणाला, "होती उभी."

हे लेकीचा हात हातात घेऊन तिच्या नखांतला रंग अंगठ्यानं खरवडत बसले, तिच्या लहानपणी खरवडायचे तसे. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. नजर गेलेल्या डोळ्यांनाही ते काम येतं. खरवडता खरवडता म्हणाले, "आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. मला तर इतके दिले की कुठे ठेवू?" आणि मग लगेच, ओल्या आवाजातच, "उद्यापासून मोबाईलला पण इथे घेऊन बस. तो काय म्हणतो तेही ऐकू. चुकतो तो, मीही चुकतो, पण दोघं एकाच दिवशी चुकायला जरा योग लागेल."

त्या दिवशी मी सगळ्यांना चहा दिला, पाव दिला, घरात होतं नव्हतं ते दिलं. देताना प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे बघत होते. सगळी ओळखीची तोंडं, रंगानं माखलेली, पाणी ठिबकणारी, आणि सगळी इथे. पुढे बरेच दिवस मी खिडकीतून पाकोळी दिसली की मनातल्या मनात हात जोडायचे. पक्ष्याला काय, तो किडे खाली आले म्हणून खाली आला असेल. पण त्यानं काही बिघडत नाही. ज्यांना आपण काय दिलं ते माहीतही नाही, त्यांचेही आभार मानावेच लागतात. ह्यांच्या उस्तादाला मी कधी बघितलं नाही, तो जाऊन कितीतरी वर्षं झाली. त्याचेही मानले.

आता सकाळी आमच्या गॅलरीत सभा भरते. लेक मोबाईल वाचते, हे नाक वर करून वास घेतात, मग दोघांचं भांडण होतं आणि खालून इस्त्रीवाली आपलं मत देते.

परवा तर कमालच झाली. मोबाईल म्हणाला मुसळधार. हे म्हणाले मुसळधार. मुंग्या अंडी घेऊन तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचलेल्या. पाकोळ्या सायकलवाल्यांच्या चाकांतून निघत होत्या. इतकं एकमत कधी झालं नव्हतं. लेकीनं काम बंद ठेवलं. माणसं आली होती ती आमच्याच घरी बसली, पत्त्यांचा डाव मांडून. आणि बाहेर ऊन पडलं. असं ऊन की डांबर मऊ झालं. दुपार झाली तरी ऊन. इस्त्रीवाली वर आली, कमरेवर हात ठेवून दारात उभी राहिली आणि म्हणाली, "काका, माझ्या चादरी अजून आत आहेत."

सगळी खोली हसायला लागली. सगळ्यात जास्त हे. हसता हसता उठले, गॅलरीत गेले आणि तोंड उन्हाकडे करून उभे राहिले. लंबू आतून ओरडला, "ढगोबा, पत्ते वाटलेत, या!"

"थांब रे," हे म्हणाले. "फुकटचा दिवस मिळालाय. जरा अंगावर घेऊ दे."